बेसबॉल कार्डांचा बॉक्स फोडायचा कसा आणि आतलं काय कितीचं ते ओळखायचं कसं

इकडे न्यू जर्सीत मुलगा लिटल लीग खेळायला लागला की घरात दोन गोष्टी येतातच, एक म्हणजे मातीने भरलेले बूट आणि दुसरी बेसबॉल कार्डं. आमच्याकडेही तसंच झालं. आता ओळखीतली बरीच मराठी मंडळी विचारतात की अरे पोराला वाढदिवसाला बॉक्स मिळालाय, फोडू का, त्यात काही किमती निघालं तर कळणार कसं. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतोय. आपल्या लहानपणी बिग फनच्या बबलगममधून क्रिकेटवाल्यांची चित्रं जमवलेल्यांना यातली मजा लगेच कळेल, कारण मूळ कल्पना तीच आहे, गमसोबत कार्ड. टॉप्स कंपनी ब्रुकलिनमध्ये १९३८ साली गम विकायलाच सुरू झाली होती, बेसबॉल कार्डं १९५१ पासून.

सगळ्यात आधी, बॉक्स हातात आला की लगेच फोडू नका. आधी बघा तो कुठल्या प्रकारचा आहे, कारण फोडायची पद्धत आणि आतून काय अपेक्षा ठेवायची हे दोन्ही त्यावर ठरतं. ढोबळमानाने दोन जाती. एक आजकालचा बॉक्स, म्हणजे टॉप्स सिरीज वन, सिरीज टू, अपडेट, बोमन, क्रोम वगैरे. दुसरा जुना बॉक्स, जो कुणाच्या तरी बेसमेंटमधून किंवा इस्टेट सेलमधून निघतो, आणि दहातले नऊ वेळा तो १९८६ ते १९९२ च्या मधला असतो.

आधी नव्याचं बोलू. नव्यातही हॉबी बॉक्स आणि रिटेल असा फरक आहे. हॉबी बॉक्स कार्डांच्या दुकानातून मिळतो, महाग असतो, आणि त्यावर लिहिलेलं असतं की आत अमुक इतके ऑटोग्राफ किंवा रेलिक, म्हणजे जर्सीचा तुकडा लावलेली कार्डं, नक्की निघणार. टार्गेट किंवा वॉलमार्टमध्ये मिळतो तो ब्लास्टर, हँगर, मेगा वगैरे, तो स्वस्त पण त्यात ऑटोग्राफची खात्री बहुतेक वेळा नसते. पॅकच्या मागे बारीक अक्षरात ऑड्स छापलेले असतात, कुठलं कार्ड सरासरी किती पॅकमागे एक निघतं ते. हे आधी वाचा आणि पोरालाही वाचून दाखवा. एखाद्या कार्डासमोर काही हजार पॅकमागे एक असं लिहिलेलं दिसलं की डोक्यातल्या अपेक्षा आपोआप जागेवर येतात, आणि मग पुढची सगळी संध्याकाळ छान जाते.

आता तयारी. जेवणाचं टेबल रिकामं करून कोरडं पुसून घ्या, पाण्याचे ग्लास, चहा, चिवडा सगळं लांब. हात साबणाने धुवून पूर्ण कोरडे करा, आणि क्रीम लावू नका. क्रोम कार्डाच्या आरशासारख्या पृष्ठभागावर बोटाचा ठसा उमटला तर नंतर पुसताना बारीक ओरखडे येऊ शकतात. जवळ ठेवायचं सामान फार नाही, पेनी स्लीव्ह म्हणजे पातळ प्लास्टिकच्या पिशव्यांचं एक पाकीट, दहा-पंधरा टॉपलोडर म्हणजे ते कडक प्लास्टिकचं पाकीट, एक टेबल लँप ज्याची मान वळते, आणि उरलेली कार्डं ठेवायला पुठ्ठ्याचा लांबट बॉक्स. भिंग असेल तर उत्तम, दहापट मोठं दिसणारं सोनाराचं भिंग चालतं. आणि रबर बँड घरात कुठे असतील तर ते आधी उचलून दुसऱ्या खोलीत ठेवा. हे मी मनापासून सांगतोय, कारण रबर बँडने गठ्ठा बांधला की वरच्या आणि खालच्या कार्डाच्या कडेला खाच पडते, आणि ती खाच आयुष्यभर जात नाही. आमच्याकडच्या पहिल्याच बॉक्समधलं एक चांगलं रुकी कार्ड, म्हणजे नव्या खेळाडूचं पहिल्या वर्षाचं कार्ड, असंच गेलं, पोराने शाळेत दाखवायला नेलं होतं, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, त्यात त्याची काही चूक नाही.

पॅक फोडताना कात्री, सुरी काही नको. पॅकच्या मागच्या बाजूला मधोमध उभी शिवण असते, ती दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलकेच बाहेरच्या बाजूला ओढायची, फॉइल अलगद उघडतं. वरून चिप्सच्या पुड्यासारखं फाडलं तर झटका बसून वरचे कोपरे दुमडतात. कार्डांची गड्डी बाहेर काढली की ती कडांनी धरायची, अंगठा पृष्ठभागावर ठेवायचा नाही, आणि एकामागून एक बघताना पत्ते पिसल्यासारखं घासत सरकवायचं नाही, वरचं उचलून बाजूला उपडं ठेवायचं. सगळ्यांना एक प्रश्न पडतो, की गड्डीत एक जाड कार्ड लागलं म्हणजे जॅकपॉट का? दर वेळी नाही. दुकानात पॅक चाचपून आत काय आहे ते ओळखणारे लोक असतात, त्यांना चकवायला कंपन्या कधी कधी जाड कोरं कार्ड घालतात. ते निघालं तर वाईट वाटून घेऊ नका.

काढता काढता टेबलावर चार ढीग करायचे. साधी बेस कार्डं एका बाजूला. रुकी कार्डं वेगळी, ती ओळखायला सोपी आहेत, २००६ पासून त्यांच्यावर आरसी असा लोगो असतो, फक्त बोमनमध्ये अजून मेजर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगमध्ये, न आलेले पोरगे असतात आणि त्यांच्या पहिल्या कार्डावर फर्स्ट बोमन असं चिन्ह असतं, ते आरसी नाही पण मागणी भरपूर असते. तिसरा ढीग इन्सर्ट, म्हणजे वेगळ्या डिझाइनची, नावंगावं झगमगीत असलेली. आणि चौथा ढीग म्हणजे जे काही चमकतंय, रंगीत बॉर्डर आहे, आकडा छापलाय, सही आहे किंवा कापडाचा तुकडा आहे ते. चौथ्या ढिगातलं कार्ड हातात आलं की बाकी सगळं थांबवून ते लगेच स्लीव्हमध्ये. आधी स्लीव्ह मग आनंद, आमच्या घरी हाच नियम आहे.

स्लीव्हमध्ये घालताना कोपरा स्लीव्हच्या काठाला अडकतो आणि तिथेच खराब होतो. स्लीव्हचं तोंड बोटांनी थोडं फुगवायचं, कार्ड किंचित तिरकं घालायचं, मग सरळ करायचं. मग टॉपलोडर. साधं कार्ड अडीच बाय साडेतीन इंच आणि ३५ पॉइंट जाडीच्या टॉपलोडरमध्ये बसतं, कापडाचा तुकडा असलेलं जाड असतं, त्याला १०० किंवा १३० पॉइंटचा लागतो, बळजबरीने कोंबू नका. वर चिकटपट्टी लावायची असेल तर पेंटर टेप, ती निळी असते ती. साध्या सेलोटेपचा गोंद प्लास्टिकवर राहतो आणि कार्ड बाहेर काढताना त्याला चिकटतो.

आता खरी गंमत, म्हणजे हातातलं नक्की काय आहे ते ओळखणं. इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात आणि चूक दोन्ही बाजूंनी होते, साधं कार्ड सोन्याचं समजतात आणि सोन्याचं कार्ड साध्या ढिगात जातं.

पहिलं म्हणजे आकडा. कार्डावर फॉइलमध्ये २७/५० असं छापलेलं असेल तर त्या रंगाची जगात ५० कार्डं आहेत आणि तुमचं सत्ताविसावं. टॉप्सच्या मुख्य सिरीजमधलं सोनेरी कार्ड बहुधा त्या वर्षाच्या आकड्याइतकं छापतात, म्हणजे २०२४ चं असेल तर २०२४ प्रती, ते दिसायला भारी पण दुर्मिळ म्हणावं असं नाही. १/१ लिहिलं असेल तर ते खरोखर एकच. छपाईच्या पातळ धातूच्या पट्ट्याही पॅकमध्ये घालतात, प्रिंटिंग प्लेट म्हणतात त्यांना, चार रंगांच्या चार, निळसर, गुलाबी, पिवळी, काळी, आणि प्रत्येक एकमेव. विकणारे कधी कधी खेळाडूच्या जर्सीचा नंबर आणि कार्डाचा आकडा जुळला की त्याला एकमेव म्हणून विकतात, तो ५० पैकीच असतो, थोडं जास्त देणारे गिऱ्हाईक मिळतं इतकंच.

दुसरं, आकडा नसलेली पण दुर्मिळ कार्डं. टॉप्सच्या मुख्य सिरीजमध्ये एकाच नंबरचं कार्ड कधी कधी वेगळ्या फोटोसह थोडंच छापतात, त्याला शॉर्ट प्रिंट म्हणतात, आणि पुढून बघून कळतच नाही कारण नाव तेच, नंबर तोच. यासाठी कार्ड उलटं करायचं, मागे सगळ्यात खाली कॉपीराइटच्या बारीक ओळीत सीएमपी ने सुरू होणारा कोड असतो. साध्या बेस कार्डांच्या कोडचे शेवटचे तीन आकडे सारखेच असतात. ज्याचे वेगळे निघाले ते बाजूला काढायचं. ही एक गोष्ट शिकलात तरी हा लेख वाचल्याचं सार्थक झालं, कारण बहुतेक घरांत अशी कार्डं बेसच्या ढिगात पडून असतात. भिंग इथेच लागतं.

तिसरं, मागचा मजकूर पूर्ण वाचा. रेलिक कार्डात जर्सीचा तुकडा असतो, पण तो सामन्यात घातलेल्या जर्सीचा आहे, का खेळाडूने नुसता अंगावर चढवलेला आहे, का कुठल्याही विशिष्ट सामन्याचा नाही, हे मागे स्पष्ट लिहिलेलं असतं आणि भावात या तिघांत फार अंतर आहे. नुसता एकरंगी पांढरा तुकडा म्हणजे फार काही नाही, दोन-तीन रंगांचा शिवण दिसणारा पॅच असेल तर वेगळी गोष्ट. सहीचंही तसंच, थेट कार्डावर केलेली सही लोकांना जास्त आवडते, पारदर्शक स्टिकरवर केलेली कमी. आणि कार्डाऐवजी रिडेम्प्शनचा, म्हणजे कार्ड कंपनीकडून नंतर मागवायचा, कोड निघाला तर त्याची मुदत बघून त्याच दिवशी कंपनीच्या साइटवर भरून टाका, ड्रॉवरमध्ये ठेवून विसरू नका.

पॅच किती मोलाचा असू शकतो त्याचं ताजं उदाहरण पिट्सबर्गच्या पॉल स्कीन्सचं. मेजर लीगमधल्या पहिल्या सामन्यात नव्या खेळाडूच्या जर्सीला एक खास पॅच असतो, तोच काढून एकमेव कार्डात लावतात. स्कीन्सचं ते कार्ड लॉस एंजेलिसकडच्या ११ वर्षांच्या एका मुलाला ख्रिसमसच्या पॅकमध्ये सापडलं, टीमने त्या बदल्यात ३० वर्षांची सीझन तिकिटं देऊ केली होती, पण घरच्यांनी लिलाव करायचं ठरवलं आणि मार्च २०२५ मध्ये ते ११ लाख १० हजार डॉलरला गेलं. पोरांना ही गोष्ट जरूर सांगा, पण सोबत हेही सांगा की तसं कार्ड एकच होतं आणि बाकी सगळ्यांनी फोडलेल्या पॅकमध्ये ते नव्हतं.

आता कार्डाची तब्येत. ग्रेडिंग करणाऱ्या, म्हणजे कार्डाची अवस्था तपासून त्याला १० पैकी गुण देणाऱ्या कंपन्या, पीएसए, बेकेट, एसजीसी, चार गोष्टी बघतात आणि आपणही घरी तेच बघायचं. सेंटरिंग म्हणजे चित्र मधोमध आहे का, डावी-उजवी आणि वरची-खालची बॉर्डर पट्टीने मोजा, पीएसएच्या १० साठी पुढून साधारण ५५/४५ च्या आत पाहिजे, मागच्या बाजूला बरीच सूट असते. कोपरे भिंगातून, टोकाला पांढरं दिसलं की संपलं. कडा, खास करून काळ्या बॉर्डरच्या कार्डांना, १९७१ चं टॉप्स यासाठी बदनाम आहे, काळा रंग उडून पांढरे टवके लगेच दिसतात. आणि पृष्ठभाग, हा सगळ्यात फसवा, कारण समोरून बघून काही दिसत नाही, खोलीतला दिवा बंद करून लँपच्या उजेडात कार्ड हळूहळू तिरकं करायचं, मग ओरखडे, छपाईच्या रेषा, खळगे एकेक दिसायला लागतात. पॅकमधून आत्ता काढलंय म्हणजे १० असणारच असं समजू नका, कारखान्यातूनच वाकडं कापलेलं, रेघ पडलेलं भरपूर येतं.

ग्रेडिंगला पाठवायचं का, याचा हिशोब मी असा करतो. कार्ड आहे तसं, म्हणजे रॉ, कितीला विकलं जातंय, आणि ९ मिळाले तर कितीला. १० चा भाव बघायचाच नाही. ९ च्या भावातून ग्रेडिंगची फी, जायचं-यायचं टपाल, विमा वजा करून रॉ पेक्षा जास्त उरत असेल तरच पाठवा. नाहीतर स्लीव्हमध्ये छान आहे ते.

भाव बघताना एकच धरून ठेवा, मागितलेली किंमत ही किंमतच नाही. ईबेवर कुणी काहीही आकडा टाकून बसतं. डावीकडच्या फिल्टरमध्ये सोल्ड आयटम्स लावायचं, मग खरोखर विकलं गेलेलं दिसतं. वर्ष, सेट, कार्डाचा नंबर, रंग, ग्रेड, पाचही जुळले पाहिजेत, एक जरी चुकला तरी भाव दुसऱ्याच कार्डाचा. शेवटचे पाच-सहा व्यवहार बघा, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा सोडून द्या. जिथे बेस्ट ऑफर स्वीकारली असं लिहिलेलं असतं तिथे ईबे खरा आकडा दाखवत नाही, तो १३०पॉइंट नावाच्या साइटवर फुकट बघता येतो. विकणार असाल तर ईबेचे तेरा टक्क्यांच्या आसपास जातात तेही धरा. आणि वेळ. खेळाडू सलग होमरन मारतोय तेव्हा भाव चढतो, डिसेंबरात उतरतो, दुखापत झाली की आपटतो. आमच्या इकडे यांकीज टीमवाले खूप, २०२२ मध्ये त्यांच्या ॲरन जजने ६२ होमरन मारले तेव्हा त्याच्या २०१७ च्या टॉप्स रुकीला, २८७ नंबरचं, केवढी विचारणा होती. विकायचं तर गरम असताना विका, ठेवायचं तर मग भाव बघणंच सोडा.

आता जुना बॉक्स. हा माझा जास्त लाडका विषय आहे. समजा तुम्हाला १९८७ च्या टॉप्सचा वॅक्स बॉक्स, म्हणजे मेणाच्या कागदातल्या पॅकचा बॉक्स, मिळाला, लाकडाच्या फळीसारखी बॉर्डर असलेली कार्डं, हा सगळ्यात जास्त सापडणाऱ्यांपैकी एक. आत ३६ पॅक, प्रत्येकात १७ कार्डं आणि गमची एक कांडी. म्हणजे ६१२ कार्डं, आणि पूर्ण सेट ७९२ चा, त्यामुळे एका बॉक्समधून सेट होत नाही, त्यात डबल येतातच. त्या काळात मागणी बघून कंपन्यांनी इतकी छापली की आज त्या सगळ्या काळाला जंक वॅक्स म्हणतात. १९८१ पर्यंत मैदान जवळजवळ टॉप्सचंच होतं, मग कोर्टाच्या निकालानंतर फ्लीअर आणि डॉनरस आले, पुढे १९८९ ला अप्पर डेक आलं, आणि सगळ्यांची छपाई जोरात. उलट जुनी १९५२ ची कार्डं लोकांनी टाकून दिली, खुद्द टॉप्सने न विकलेला माल १९६० मध्ये समुद्रात नेऊन बुडवला, म्हणून त्यातलं मिकी मँटलचं ३११ नंबरचं कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. जुनं म्हणजे महाग असं नसतं, जे फार थोडं टिकलं आणि अजून ज्याला मागणी आहे ते महाग.

जुना बॉक्स विकत घेताना आधी तो कुणी उघडून परत बंद केलेला नाही ना हे बघा. मेणाच्या कागदाचे पॅक थोड्या उष्णतेने परत चिकटवता येतात. मागची घडी सारखी आहे का, मेण पसरलेलं किंवा दोनदा वितळल्यासारखं दिसतंय का, सगळे पॅक एकसारखे बसलेत का. महागाचा बॉक्स असेल तर बीबीसीई, म्हणजे बेसबॉल कार्ड एक्स्चेंजने तपासून स्वतःच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलाच घ्या, दोन पैसे जास्त जातात पण झोप नीट लागते.

फोडताना मेणाचा कागद हळूच सोडवायचा, कागदही ठेवा, काही लोक तेही जमवतात. गमची कांडी आता विटकरीसारखी झालेली असते, हाताला चुरा होते, पोरांनी तोंडात घालू नये इतकं बघा. गम ज्या कार्डाला चिकटून असतो त्यावर डाग असतो, आणि घडीला लागून असलेल्या कार्डावर मेणाचा. मेणाचा डाग स्वच्छ नायलॉनच्या मोज्याने अगदी हलक्या हाताने घासला तर बऱ्याचदा निघतो, गमचा डाग जात नाही, तिथे पाणी लावायचा मोह टाळा. बॉक्सही फाडू नका, तळाशीसुद्धा कार्डं छापलेली आहेत.

मग यात शोधायचं काय? बॅरी बाँड्स ३२० नंबर, मार्क मॅकग्वायर ३६६, बो जॅक्सन १७०, विल क्लार्क ४२०, बॅरी लार्किन ६४८. साध्या अवस्थेत ही कार्डं थोड्याशा डॉलरची, पण सेंटरिंग आणि कोपरे अगदी अचूक असले तर ग्रेडिंगचा विचार करता येतो, लाकडी बॉर्डरवर कोपऱ्याचा पांढरा ठिपका चटकन उठून दिसतो म्हणून अचूक मिळणं अवघड. बाकी वर्षांतलं थोडक्यात, १९८९ अप्पर डेक असेल तर पहिल्या नंबरचा केन ग्रिफी ज्युनिअर. १९८९ फ्लीअर असेल तर ६१६ नंबरचा बिली रिप्केन, त्याच्या बॅटच्या बुडाशी शिवी लिहिलेली छापून गेली होती, नंतर ती खोडून, झाकून वेगवेगळ्या प्रकारे छापली, त्यामुळे एकाच कार्डाचे बरेच प्रकार आहेत. १९९० टॉप्स असेल तर ४१४ नंबरचा फ्रँक थॉमस, पुढच्या बाजूला नावच नसलेला निघाला तर श्वास रोखून स्लीव्ह शोधा. आणि ९० च्या दशकातली चकचकीत कार्डं एकमेकांना चिकटून वीट झाली असतील तर ओढू नका, गड्डी किंचित वाकवत, इकडून तिकडून हळूहळू सुटू द्या, तरी काही खराब होतीलच.

बॉक्स परवडला का, हा शेवटचा हिशोब. बहुतेक बॉक्समधून दिलेल्यापेक्षा कमी परत येतं, जुन्यातून आणि नव्यातूनही. म्हणून पैसे वसूल करायला बॉक्स घेऊ नका, एखादं विशिष्ट कार्ड हवंय तर ते सुटं विकत घेणं स्वस्त पडतं. बॉक्स घ्यायचा तो फोडण्यासाठी, पोराबरोबर तास-दोन तास टेबलाशी बसण्यासाठी. आमचा मुलगा कार्ड उलटं करून बॅटिंग ॲव्हरेज वाचता वाचता दशांश अपूर्णांक शिकला, मला क्रिकेटमुळे जे आलं तेच त्याला यातून.

उरलेली बेस कार्डं नंबरवार लावून पुठ्ठ्याच्या बॉक्समध्ये उभी ठेवा, ८०० कार्डांचा बॉक्स कुठेही मिळतो, फार घट्ट भरू नका आणि अर्धवट रिकामाही ठेवू नका नाहीतर कार्डं वाकतात. बाइंडर वापरत असाल तर पानं पीव्हीसी नसलेली घ्या. बेसमेंटमध्ये दमट असतं, क्रोमची कार्डं तिथे कमानीसारखी वळतात, त्यापेक्षा बेडरूममधल्या कपाटाचा मधला खण चांगला. डबल आलेली टीमनुसार वेगळी काढून ठेवा, मॅचच्या दिवशी डगआउटमध्ये पोरं त्यांच्यावरच अदलाबदल करतात.